मदत हवी आहे: जुन्या जाळ्याचं मांडणीशिल्प खाऱ्या वाऱ्यात कसं टिकवायचं?

नमस्कार मंडळी. मालवणजवळच्या आमच्या वाडीत टाकून दिलेल्या वस्तूंचं मांडणीशिल्प करतोय. रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी हातांनी ओढायचं, फाटकं जाळं बांबूंवर ताणायचं आणि त्यात हल्ली ओढून जे येतं तेच ठेवायचं: थर्माकोलचे तुकडे, एकेका पायाच्या चपला, गुटख्याच्या पुड्या, कातरलेली नायलॉनची दोरी. यांत्रिक बोटींवरून माशांचा अख्खा थवा वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांच्या जमान्यात रापणकाराच्या वाट्याला काय उरलं, ते पर्यटकांनी थांबून बघावं असं फार वाटतं.

चंदीगडला नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या-कपबशांतून उभं केलेलं रॉक गार्डन १९७६ पासून लोकांसाठी खुलं आहे. पण चिनी माती उन्हाला दाद देत नाही, नायलॉन देतं. जुनं जाळं चुरगाळलं की हाताला भुगा लागतो. तो वाळूत मिसळला तर आमचं शिल्पच समुद्रात प्लास्टिक सोडेल, याची खरी काळजी आहे. त्यावर चालेल असा लेप कोणाला माहीत आहे का?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, त्या दिवसांत रापणकारही हाताशी असतात, पण पाऊसही तेव्हाच. मग मांगरात (सामान ठेवायच्या खोपीत) मांडावं की दिवाळीनंतर किनाऱ्यावर? आणि भरतीरेषेच्या वर मांडायला ग्रामपंचायतीशिवाय कोणाची परवानगी लागते? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.