इंग्लंडमधल्या लेकॉक गावावर सगळ्यांनी लिहिलं, पण तिथलं टाइद बार्न (मठाचं जुनं कोठार) राहिलंच की!
हे जुनं गाव तिथे शूटिंग करणाऱ्या सिनेमावाल्यांमुळे टिकलं असं कोणीतरी म्हटलंय ते नाही पटलं, शूटिंगवाले फार नंतर आले. जवळजवळ अख्खं गाव टॅलबट घराण्याच्या मालकीचं होतं आणि मॅटिल्डा टॅलबट यांनी १९४४ मध्ये तिथल्या मठासकट (लेकॉक ॲबी) ते नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, देऊन टाकलं, म्हणून तुकड्यातुकड्याने विकलं गेलं नाही, आणि घरांमधून आजही भाडेकरू राहतात, नुसतं म्युझियम नाही झालेलं.

मठावर एवढं लिहिलंय सगळ्यांनी, पण गावातल्या टाइद बार्नबद्दल कोणीच नाही! १४व्या शतकातलं कोठार आहे, मठाची कुळं आपला खंड धान्य, कातडी, लोकर अशा रूपात इथे आणून भरायची. गेलात तर आत शिरून छताची लाकडं नीट बघा, मला मठाच्या दालनांपेक्षा तेच जास्त आवडलं.