एडवर्ड्सचा कोळी: शिक्षा नेमकी कोणत्या पापाची?

प्रश्न: अमेरिकेतल्या वसाहतकाळातला प्युरिटन (कडक प्रोटेस्टंट पंथाचा) धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स याच्या कनेटिकटमधल्या एनफिल्ड गावातल्या प्रवचनात (१७४१) देव माणसाला कोळी किड्यासारखा नरकाच्या आगीवर धरतो. ही शिक्षा केलेल्या पापांची की जन्मजात?

उत्तर १: दोन्हींची, मूळ मात्र आदामाच्या, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या माणसाच्या, पापात. प्रवचनाचा आधार बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं ३२:३५, पाय घसरण्याचं वचन. माणूस पापाच्या वजनानेच खाली जातो, देवाने हात काढला की पुरे. वाचक फक्त रागच बघतात आणि तो धरून ठेवणारा हात त्यांच्या नजरेतून निसटतो. खरी भीती तिथेच आहे!

उत्तर २: प्युरिटन कवी मायकेल विगल्सवर्थची १६६२ ची ‘डे ऑफ डूम’ ही अंतिम न्यायाच्या दिवसावरची कविताही वाचा. तान्ही बाळंसुद्धा दोषी, फक्त नरकातली सर्वात सुसह्य खोली त्यांना.

उत्तर ३: इहलोकातली शिक्षा वेगळी धरा. मूळ अमेरिकनांनी पकडून नेलेली प्युरिटन वसाहतवासी मेरी रोलँडसन आपल्या १६७६ मधल्या कैदेला देवाने लावलेली शिस्त मानते, नरक नव्हे.