४के टीव्ही घेऊन घरात खरंच फरक दिसला का?

आमचा ४० इंची फुल एचडी टीव्ही अजून व्यवस्थित चालतोय. तरी पाडव्याला बदलू या असं घरात चाललंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून आग्रह जरा जास्तच आहे. फुल एचडी म्हणजे १९२०×१०८०, साधारण २१ लाख पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके. ४के म्हणजे ३८४०×२१६०, सुमारे ८३ लाख. चौपट. कागदावर हे कळतं, पण आमच्या कोपरखैरण्याच्या हॉलमध्ये ते डोळ्यांना कळेल का? दुकानात काय दिसलं ते नको. बसता किती लांब, बघता काय आणि घरी आणल्यावर काय जाणवलं, ते लिहा. ज्यांनी विचार करून घेतला नाही, त्यांनीही लिहा. उत्तराच्या वर आपला भाग टाका.

वाशी

आधी टेप घेऊन सोफा ते भिंत हे अंतर मोजा. चांगल्या नजरेला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा ओळखता येतो. त्यावरून हिशेब केला तर फुल एचडीचे पिक्सेल ४३ इंची पडद्यावर साडेपाच फुटांपलीकडे, ५५ इंचीवर सात फुटांपलीकडे आणि ६५ इंचीवर साडेआठ फुटांपलीकडे डोळ्यांना सुटे दिसेनासे होतात. त्याहून लांब बसणार असाल तर जादा पिक्सेलचा फायदा जवळजवळ उरत नाही. हिशेब ढोबळ आहे, पण उपयोगी आहे.

आमचं सिडकोचं घर. हॉल दहा फुटी, सोफा भिंतीला टेकलेला, म्हणजे डोळ्यांपासून पडदा साडेसात-आठ फुटांवर. ५५ इंची ४के घेतल्यावर मुलीला सांगितलं, यूट्यूबवर एकच व्हिडिओ कधी १०८०, कधी २१६० वर लाव, मला सांगू नकोस. सोफ्यावरून मला ओळखता येईना. खुर्ची ओढून चार-पाच फुटांवर बसलो तेव्हा झाडाची पानं आणि दुकानांच्या पाट्यांवरची बारीक अक्षरं यांत फरक स्वच्छ दिसला. आम्ही टीव्हीवर समाधानी आहोत, पण ते समाधान मोठ्या पडद्याचं जास्त आहे.

कळवा

आमच्याकडे टीव्हीचा खरा वापर सासूबाईंचा. संध्याकाळी सातपासून मालिका, तीही सेट टॉप बॉक्सवर. नवीन ५० इंची ४के आला आणि त्या म्हणाल्या, "जुन्यावर चेहरे बरे दिसायचे गं." त्यांचं बरोबरच होतं. साध्या चॅनेलचं चित्र ५७६ ओळींचं असतं, ते २१६० ओळींवर ताणलं की जे धुरकट आहे ते मोठं होऊन धुरकट दिसतं.

भाच्याने येऊन पाहिलं तर बॉक्स अजून लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या वायरीवर! एचडीएमआय, म्हणजे एचडी चित्र नेणारी वायर लावली, बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन १०८० केलं आणि पॅकमध्ये झी मराठी एचडी, स्टार प्रवाह एचडी घेतले. त्या दिवशी घरात खरा फरक पडला. पैठणीचा काठ दिसायला लागला. मात्र हे एचडी चॅनेलही १०८० चेच असतात, म्हणजे हाच फायदा आम्हाला फुल एचडी टीव्हीवरही झाला असता. ज्यांच्या घरी मुख्यतः केबल किंवा डिश चालते, त्यांनी नवीन टीव्हीच्या आधी हे करून पाहाच. खर्च किरकोळ आहे.

मानपाडा, घोडबंदर रोड

मी थोडं वेगळं सांगेन. मी रात्री दिवे मालवून सिनेमे बघतो आणि माझ्यासाठी ही खरेदी शंभर टक्के सार्थकी लागली. पण कारण पिक्सेल नव्हे, एचडीआर, म्हणजे गडद आणि उजळ यांतलं जास्त अंतर दाखवणारं चित्र. अंधाऱ्या खोलीत एकच कंदील जळतोय अशा दृश्यात पूर्वी काळ्याच्या जागी राखाडी दिसायचं आणि ज्योत नुसती पांढरी. आता काळं ते काळं आणि ज्योतीत पिवळा, केशरी सगळं दिसतं. हे दहा फुटांवरूनही दिसतं. मी ओएलईडी घेतला. त्याचा प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि पूर्ण विझतोही.

खोक्यावर एचडीआर लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. स्वस्त पॅनेल तो सिग्नल घेतं, पण दाखवायला लागणारा उजेड त्याच्यात नसतो. मध्यम बजेटमध्ये लोकल डिमिंग, म्हणजे पडद्यामागचा उजेड भागाभागाने कमी-जास्त करण्याची सोय, आहे का ते विचारा.

खर्च टीव्हीपाशी संपत नाही हेही धरा. नेटफ्लिक्सवर ४के फक्त प्रीमियम प्लॅनमध्ये मिळतं आणि त्यासाठी १५ एमबीपीएसचा वेग लागतो. नेट १०० चं असलं तरी आमच्या टॉवरमध्ये शेजारपाजारच्या वायफायची एवढी गर्दी आहे की चित्र मध्येच फिकं पडायचं. राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची वायर ओढली, प्रश्न मिटला.

खारघर

४३ इंची ४के टेबलावर ठेवून मी त्यावर ऑफिसचं काम करते, अंतर तीन फूट. इथे वादच नाही. एक्सेलच्या ओळी, देवनागरीतल्या मात्रा-वेलांट्या, सगळं छापल्यासारखं. एचडीएमआय २.० चा पोर्ट वापरा, १.४ वर ४केला सेकंदाला ३० च फ्रेम मिळतात आणि माउस अडखळतो. शिवाय काही टीव्हींत त्या पोर्टचं पूर्ण सिग्नलचं सेटिंग आपल्यालाच चालू करावं लागतं.

नौपाडा

आम्ही घेतला नाही. बाबांचं वय ८० च्या पुढे, आठ फुटांवरून ३२ इंचीवर बातम्या आणि जुनी नाटकं बघतात. त्यांची तक्रार चित्राची नव्हतीच, शब्द कळत नाहीत ही होती. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, आवाज भिंतीवर आपटून येतो. त्या पैशांतून साधा साउंडबार आणला, त्यात संवाद उठून येण्याचा मोड आहे. आता ते आवाज कमी ठेवतात आणि नाटकातलं वाक्य संपायच्या आत हसतात. आमच्या घरासाठी हीच सुधारणा योग्य होती असं मला मनापासून वाटतं.

ऐरोली

मी टीव्ही बसवायचं काम करतो, रोज घरोघरी जातो म्हणून लिहितो. दुकानात जे चालू असतं ते मुद्दाम बनवलेलं ४के चित्रण असतं आणि टीव्ही व्हिव्हिड, म्हणजे भडक रंगांच्या मोडवर असतो. बसवून झाला की मी सिनेमा मोड लावतो आणि मोशन स्मूदनिंग (टीव्हीने मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालणं) बंद करतो, सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसायचा थांबतो. क्रिकेटला ते ज्यांना आवडतं त्यांनी ठेवावं.

स्टिकर नीट वाचा. "४के सपोर्ट" लिहिलेल्या टीव्हीचं पॅनेल १३६६×७६८ चं निघालेलं मी पाहिलंय. खोक्यावर रिझोल्यूशनच्या पुढे ३८४०×२१६० छापलेलं असलं तरच ४के.

आपल्याकडचे हॉल अरुंद, निम्मं घर बाजूच्या दिवाणावरून बघतं. एलईडी टीव्हीत पॅनेलचे मुख्य प्रकार दोन, व्हीए आणि आयपीएस. व्हीए पॅनेल समोरून छान काळं दाखवतं, पण बाजूने रंग उडतो. आयपीएस बाजूनेही तसंच राहतं, काळं मात्र थोडं फिकं. दुकानात समोर उभं राहून ठरवू नका, तुमची आई जिथे बसते तेवढं बाजूला सरकून बघा. आणि पेन ड्राइव्हवर मोबाइलमधलं घरचंच एखादं शूटिंग घेऊन जा, दोन्ही टीव्हींवर तेच लावायला सांगा. चांगला सेल्समन नाही म्हणत नाही.