खाडीच्या चिखलातले जिवाणू: रामन मॉडेल नव्या नमुन्यावर आपटतं

खाजणकाठ
भाट्ये खाडी, कांदळवनातला वरचा ५ सेंमी काळा चिखल. प्लेटवर उगवतं त्याच्या कितीतरी पट सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं, म्हणून एकेका पेशीचा रामन वर्णपट घेतोय (लेझर पाडून विखुरलेल्या प्रकाशातल्या रेषांवरून रेणू ओळखायचे). ५३२ नॅनोमीटर लेझर, १००एक्स ऑब्जेक्टिव्ह, पेशीवर ५ मिलीवॉट, १५ सेकंद, कॅल्शियम फ्लोराइडची स्लाइड. जिवाणूंचे सहा गट, ते वेगळे करायला एसव्हीएम (यंत्र-शिक्षणाची एक वर्गीकरण पद्धत). मार्चच्या नमुन्यावर अचूकता ९५ टक्क्यांच्या वर, जुलैच्या नमुन्यावर निम्मी. शिवाय काही ठिकाणी पेशी जळून काळा ठिपका उरतो. त्याऐवजी सीएनएन (न्यूरल नेटवर्कचा एक प्रकार) लावू का?

लेझरतात्या
सीएनएन राहू द्या. आधी सांगा, चाचणीचा भाग कसा वेगळा काढलात? सगळे वर्णपट पत्त्यांसारखे पिसून २० टक्के उचलले असतील, तर एकाच स्लाइडवरच्या पेशी दोन्हीकडे गेल्या. मग मॉडेल त्या दिवसाची स्लाइड ओळखायला शिकतं आणि अचूकता फुगते. अख्खी खेप (एका दिवशी आणलेला सगळा नमुना) बाहेर ठेवून तपासा. पीसीए (वर्णपटातले आकडे मोजक्या घटकांत आटवणारी पद्धत) सुद्धा फक्त प्रशिक्षणाच्या भागावर बसवा. रोज सुरुवातीला सिलिकॉनची ५२०.७ सेंमी⁻¹ (रेषांची जागा याच एककात) रेषा बघा, ती सरकली की सगळंच सरकलं.

जळण्याचं कारण बहुधा जांभ्याची माती. लोहाचे कण हिरवा प्रकाश शोषून तापतात. २२५, २९३, ४११ वर रेषा आणि १३२० ला रुंद उंचवटा दिसला तर तो हेमॅटाइट (लोहाचं ऑक्साइड), तो वर्णपट सरळ टाकून द्या.

मिठागर
मार्च आणि जुलै म्हटलंत तिथेच गोम आहे. मार्चमध्ये खाडी खारट, पावसात जवळजवळ गोडी. खारं पाणी स्लाइडवर वाळलं की जिप्समचे स्फटिक पडतात, आणि त्याची मुख्य रेषा १००८ ला. पेशीतल्या प्रथिनांच्या फिनाइलअॅलानिनची १००४ ला. यंत्रातली प्रकाश फोडणारी जाळी (ग्रेटिंग) भरड असेल तर दोन्ही एकात मिसळतात. ११३५ च्या आसपास बारीक जोडरेषा आहे का बघा.

धुताना ऊर्ध्वपातित पाणी नको, खाऱ्यातल्या पेशी फुटतात. ०.५ मोलर अमोनियम फॉर्मेट वापरा. समुद्राच्या पाण्याला साधारण जुळतं आणि वाळताना उडून जातं. जुलैच्या नमुन्याला क्षारता मोजून त्या मानानं पातळ करा. तीनदा धुवा.

त्याआधी पेशी चिखलातून सोडवा: बर्फात ठेवून हलकं सोनिकेशन (ध्वनिलहरींनी हलवणं), मग १.३ ग्रॅम/मिली घनतेच्या नायकोडेंझ या जड द्रावावर अलगद ओतून सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी, ४ अंशांवर ३० मिनिटं. लोह तळाला, पेशी मधल्या थरात. कणांना घट्ट चिकटलेल्या पेशी मात्र खालीच जातात, तेवढा तोटा धरून चाला.

खाजणकाठ
मार्चच्या वर्णपटांत १००४ ला उजवीकडे खांदा आहे, आणि ११३५ पण. जुलैत दोन्ही नाहीत.

पेशीवेचक
मग उत्तर मिळालंच, मॉडेल मार्चच्या जिप्समवर विसंबलं होतं. माझा प्रश्न वेगळा: सहा गटांना नावं कुठून आली? प्लेटवर उगवलेल्या वाणांवरूनच असतील, तर न उगवणारा जिवाणू त्या सहांतल्याच एका खणात कोंबला जाणार. ‘अज्ञात’ म्हणायची सोय मॉडेलमध्ये हवीच.

नाव द्यायचं तर रामननंतर ती पेशी ऑप्टिकल ट्वीझर्सनं (लेझरच्या चिमट्यानं) वेचून, फाय२९ या विकरानं डीएनए वाढवून १६एस (जिवाणू ओळखायचं जनुक) वाचा. त्यासाठीचा नमुना फॉर्माल्डिहाइडमध्ये घालू नका, डीएनए वाढत नाही. ही खटपट नको असेल तर फिश (ठरावीक जिवाणूला चिकटणारं चमकतं रंगद्रव्य लावणं) करा, पण आधी रामन, जागेचे निर्देशांक नोंदवून मगच फिश. उलट केलंत तर रंगद्रव्याच्या झगमगाटात रेषा बुडतात.

१५१, २१९, ४७३ या गंधकाच्या आणि १५१५ जवळच्या कॅरोटिनॉइडच्या रेषांवर जातीचा निवाडा सोडू नका. पेशीत साठलेलं गंधक त्या वेळच्या सल्फाइड-ऑक्सिजनवर कमी-जास्त होतं. त्या पट्ट्या झाकून मॉडेल पुन्हा चालवा, किती कोसळतं ते कळेल.

खाजणकाठ
दर गटाला किती वर्णपट पुरतील?

लेझरतात्या
पेशींपेक्षा खेपा मोजा. एकाच दिवशीच्या ५०० पेशींपेक्षा वेगवेगळ्या भरती-ओहोटीच्या पाच खेपांतल्या १००-१०० घ्या.