डिकीच्या उंबऱ्याची पट्टी उचकटली आहे, खडखड थांबत नाही

जुनी_गाडी_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. 2013 ची हॅचबॅक आहे, 86 हजार किलोमीटर झालेत. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उत्तर राहील बाजूला आणि ही गाडी घ्यायलाच नको होती यावर चर्चा रंगेल.

डिकी उघडली की सामान आत सरकवताना खाली जी काळी प्लॅस्टिकची आडवी पट्टी लागते, दाराच्या उंबऱ्यासारखी, ती उजव्या टोकाला बोटभर वर आलीय. दाबली की टक् करून बसते. पुढच्या स्पीडब्रेकरला परत वर. आणि आपल्या कोल्हापुरात पुढचा स्पीडब्रेकर किती लांब असतो ते तुम्हाला सांगायला नको.

हे कशानं झालं ते मला माहीत आहे, दोष माझाच. सासुरवाडी आजरा. जानेवारीत तिकडून घनसाळचं पोतं आणलं, पन्नास किलोचं. घरी आल्यावर उतरवायला शेजारचा पोरगा येईपर्यंत थांबायला पाहिजे होतं. मी एकट्यानं ओढलं. पोत्याचा तळ पट्टीत अडकला, आत काहीतरी कट्कन मोडलं आणि पोत्यालाही भोक पडलं. सांडलेले तांदूळ गोळा केले, पट्टीवर बुक्की मारून ती बसवली आणि निवांत झालो.

पुढं आठवड्यातच मागून खडखड सुरू. एका गॅरेजला दाखवली. त्यांनी डिकी उघडलीसुद्धा नाही, थेट मागच्या सस्पेन्शनचे बुश बदलले. 3400 रुपये गेले, खडखड आहे तिथंच.

आता घरच्यांचं म्हणणंही लिहितो, नाहीतर वाचून दाखवल्यावर भांडण होईल. आमची सौ. म्हणते, "खडखड नव्हे ते. मी मागच्या सीटवर बसतो, मला ऐकू येतंय. कोणतरी सुपात तांदूळ पाखडतंय." मी बँकेत छत्तीस वर्षं आकडे तपासले, मला दोन आवाज काही ऐकू येत नाहीत. तेव्हा पट्टीचं तेवढं सांगा. चिकटवू का?

शिरोली_पुलाची

काका, सुपरग्लूचे चार थेंब टाका, वर पाट्याचा वरवंटा ठेवा रात्रभर. विषय हार्ड. नाहीच बसली तर दोन स्क्रू आरपार मारा, उचकटायचा प्रश्नच मिटला.

उद्यमनगर_लॉकवाला

काका, वरच्या भावाचं काहीही ऐकू नका. (भावा, राग मानू नको.)

उद्यमनगरात माझं सीट कव्हरचं आणि आतल्या पॅनेलचं काम आहे. महिन्यात एक तरी गाडी अशी गोंदानं बरबटून येते. पट्टी काढून उलटी करून बघा, आतल्या बाजूला बारीक अक्षरात पीपी असं उमटवलेलं असेल. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. याला साधा गोंद धरतच नाही, वाळून पापुद्र्यासारखा निघतो. शिवाय सुपरग्लू वाळला की ठिसूळ होतो, हादरे बसले की तडकतो आणि जाताना काळ्या प्लॅस्टिकवर पांढरट डाग सोडतो. आरपार स्क्रू तर नकोच. रंगवलेल्या पत्र्याला भोक पाडलं की आपल्याकडच्या पावसात तिथनंच गंज धरतो. आत वायर गेलेली असली तर आणखीनच मजा.

पट्टी गोंदावर नसते, बटणावर असते. आम्ही लॉकही म्हणतो. पांढरं नायलॉनचं, पेराएवढं, अंगाला खवले. बाजरीचं बारकं कणीस समजा. डोकं पट्टीच्या मागच्या घरात सरकवलेलं असतं, शेंडा पत्र्याच्या भोकात दाबून बसतो. तुमचं पोतं ओढताना कट् झालं ते बहुतेक बटणाचं मुंडकं उडालं. बाकीची बटणं अजून पट्टी धरून आहेत म्हणून एकच टोक वर आलंय.

काढायची कशी? डिकी रिकामी करा, खालची कार्पेटची फळी काढा. पट्टीला कुठं स्क्रू आहे का बघा, काही गाड्यांत तो कोपऱ्यात टोपीखाली दडवलेला असतो. मग त्या भागातलं रबर बीडिंग हातानं वर ओढून सोडवा, त्याची कड पट्टीवर बसलेली असते. आता उचकटलेल्या टोकाकडून सुरुवात. लोखंडी टेस्टर घालायचा नाही, रंग खरवडतो. प्लॅस्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड दुमडून घाला, बटणाच्या अगदी शेजारी, आणि सरळ वर उचला. लांबून ओढलं की घर मोडतं, आणि घर मोडलं की खरं काम वाढतं.

मध्ये डिकीच्या कुलपाचा हूक असतो. त्याचे बोल्ट ढिले करायचे नाहीत. जागेवरून केसभर सरकला की डिकी नीट लागत नाही, मग त्या पायी दुसऱ्या गॅरेजला.

मोडलेला शेंडा भोकात अडकलेला असेल. आत ढकलू नका, पोकळीत पडतो आणि जन्मभर वाजतो. बारीक स्क्रू त्यात दोन आटे फिरवा आणि पक्कडीनं स्क्रूसकट उपसा.

नवं बटण आणायच्या आधी भोक मोजा. व्हर्नियर नसेल तर ड्रिलचे बिट उलटे घालून बघा, 7, 8, 9 मिलिमीटर, जो अलगद बसेल तो साइज. दुकानात जाताना एक शाबूत जुनं बटण खिशात ठेवा, कारण शेंडा जुळला तरी डोकं जुळेलच असं नाही. बसवायच्या आधी बटणं दोन मिनिटं गरम पाण्यात टाका, नायलॉन नरम होतं आणि खवले न मोडता आत जातं.

गडहिंग्लजकर

लॉकवाल्यांनी सगळं सांगितलंय, मी फक्त भर घालतो. पट्टी जिथं पत्र्याला टेकते तिथं फेल्टची चिकटपट्टी लावा. बटणं नवी असली तरी प्लॅस्टिक पत्र्यावर घासून कुरकुरतं, विशेषतः उन्हाळ्यात.

आणि काका, गाडी 2019 किंवा 2021 च्या पुरात पाण्यात होती का? असली तर पट्टीखालचे पत्र्याचे कोपरे आणि स्टेपनीची जागा आत्ताच बघून घ्या. पट्टी पुन्हा निघेल तेव्हा निघेल.

जुनी_गाडी_कोल्हापूर

पुराचं विचारलंत म्हणून. आम्ही राजारामपुरीत, उंचावर. 2019 ला पाणी नाही आलं, पाहुणे आले. शाहूपुरीतली दोन कुटुंबं आठ दिवस आमच्याकडं होती. गाडी कोरडी आहे.

रविवारी सकाळी बसलो. एटीएम कार्डाचा उपयोग झाला, बँकेनं बंद केलेलं होतं. पट्टीला एकूण सात बटणं. दोनांची मुंडकी उडालेली, एक जागेवर नाहीच, आणि उजव्या टोकाचं घर तडकलेलं. ती बुक्की मीच मारली होती. भोक 8 चं निघालं. लक्ष्मीपुरीत दोन दुकानं फिरलो. पहिल्या दुकानात माझ्या खिशातलं बटण बघून पोरगं म्हणालं, "काका, हे सदऱ्याचं न्हाई व्हय?" दुसऱ्या दुकानात मिळाली.

लॉकवाले, तडकलेल्या घराचं काय करू?

उद्यमनगर_लॉकवाला

सोल्डरिंग आयर्न आहे का कुणाकडं? चिरेवर स्टेपलरची पिन आडवी ठेवा, टोकानं गरम करून प्लॅस्टिकमध्ये बुडवा, वरून तेच प्लॅस्टिक लिंपून घ्या. पट्टीच्या मागच्या बाजूनंच, आणि लई खोल जाऊ नका, पुढं दिसेल. दार-खिडक्या उघड्या ठेवा, धूर वाईट असतो. गार होईपर्यंत हात लावायचा नाही. जमत नसेल तर घेऊन या, दहा मिनिटांचं काम आहे.

जुनी_गाडी_कोल्हापूर

शेजारच्या पोरानं केलं, तो आयटीआयला आहे. तीन पिना घातल्या. पट्टी बसवली, सात वेळा टक् टक् झालं, मन भरलं. फेल्टही लावलं. रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून फुलेवाडीपर्यंत जाऊन आलो. खडखड शून्य.

मागून आवाज आला, "पाखडतंय अजून."

यावेळी मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, मागं जाऊन बसलो आणि तिला म्हटलं, तू गाडी हलव. तिनं उतरून दोन्ही हातांनी गाडी डोलवली, शेजारनं केएमटीची बस जाताना आतली सगळी माणसं बघत होती. आणि मला ऐकू आलं. सळ्ळ… सळ्ळ. उजवीकडून, मागच्या दिव्याच्या खालून.

घरी येऊन उजव्या बाजूचं पॅनेल खालून सैल केलं. आत बोट घातलं तर तांदूळ. पोतं फाटलं तेव्हा पट्टीच्या फटीतून पोकळीत गेले असणार. वळणावर इकडं, ब्रेकला तिकडं. पोकळीच्या तळाचं रबरी बूच काढलं, खाली ताट धरलं. पसाभर निघाले, बाकीचे व्हॅक्युमनं ओढले. टोकेही झाले होते. उंदीर लागला नाही हे नशीब, मागच्या दिव्याच्या वायरी तिथनंच गेल्यात.

सौ. काही बोलली नाही. माळ्यावरनं सूप काढलं, ते पसाभर तांदूळ त्यात टाकले आणि माझ्यासमोर दोनदा पाखडले. तोच आवाज, जसाच्या तसा.

उद्यमनगर_लॉकवाला

वहिनींना आमच्याकडं पाठवा, आवाज ओळखायला माणूस पाहिजेच आहे. काका, ते बूच परत लावलंत ना? तिथनं पावसाचं पाणी आणि धूळ आत येते.

जुनी_गाडी_कोल्हापूर

सदऱ्याच्या खिशात सापडलं. उतरतोय खाली.