रेप्लिकेशनच्या बफरला मर्यादा हवी की नको? (पोस्टग्रेस, पुणे-चेन्नई)

हिंजवडी_रात्रपाळी
आमची मुख्य पोस्टग्रेस (डेटाबेस) हिंजवडीत, तिची सतत ताजी होणारी प्रत, म्हणजे स्टँडबाय, चेन्नईत. शुक्रवारी रात्री नऊला कुणीतरी रस्ता खणताना फायबर तोडली. (पुण्यात याहून जास्त खुलासा लागत नाही.) स्टँडबाय तुटला आणि रेप्लिकेशन स्लॉटने (प्रत कुठवर पोचली याची नोंद ठेवणारा) आपलं काम इमानेइतबारे केलं: चेन्नईला न पोचलेली एकही वॉल फाइल (डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद) पुसू दिली नाही. शनिवारी दुपारी बाराला वॉलची ५०० जीबीची डिस्क भरली, पोस्टग्रेस पॅनिक होऊन बंद. मुख्य सर्व्हर पडला तर कामी यावा म्हणून ठेवलेल्या स्टँडबायसाठी जपलेल्या फायलींनीच मुख्य सर्व्हर पाडला!

स्लॉटने किती वॉल धरून ठेवावी याला मर्यादा घालणारी सेटिंग आवृत्ती १३ पासून आहे, 'मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ', पण न बदलता ठेवली तर उणे १, म्हणजे अमर्याद. मी १५० जीबी करणार. त्यापुढे स्टँडबाय गेला तर गेला, पुन्हा बांधू. गिऱ्हाईक चेन्नईवर नाही, पुण्यावर चालतं.

कर्वेनगरची_डीबीए
"पुन्हा बांधू" लिहायला सोपं आहे. डेटा किती, लिंक किती, वॉल किती तयार होते?

हिंजवडी_रात्रपाळी
डेटा २ टीबी, लिंक १०० एमबीपीएस. गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ एमबीच्या ४० फायली.

कर्वेनगरची_डीबीए
म्हणजे तासाला साडेसदतीस जीबी. तुमचे १५० जीबी चार तासांत संपले. फायबर जोडायला किती लागले?

हिंजवडी_रात्रपाळी
एकोणीस.

कर्वेनगरची_डीबीए
बघा. आणि ती लिंक तासाला जेमतेम ४५ जीबी नेते. २ टीबी न्यायला ४४ तास, तेही कागदावर, कारण नवी वॉलही त्याच तारेतून जायची. तेवढे दिवस डीआर (आपत्तीत कामी येणारी दुसरी जागा) नाही. ऑडिटरला काय सांगणार, "मुख्य सर्व्हर मात्र मस्त चालू होता"? डिस्क वाढवा. डिस्क स्वस्त आहे.

पेठेतला_म्हातारा
डिस्क वाढवून काय होणार? मगाशीचेच आकडे घ्या. गर्दीच्या वेळी ४५ जातात, साडेसदतीस नवे येतात. तासाला साडेसात जीबीच निचरा. ५०० जीबी तुंबलेलं उपसायला ६६ तास! हौद मोठा आणि मोरी बोटाएवढी. आधी लिंक वाढवा, मग डिस्कचं बोला.

मर्यादेबद्दल म्हणाल तर मी हिंजवडीकरांच्या बाजूचा. १९६१ साली पानशेतचं काम पुरं व्हायच्या आत पाणी साठवलं, १२ जुलैला धरण फुटलं आणि खालचं खडकवासलाही घेऊन गेलं. आता खडकवासला भरत आलं की मुठेत विसर्ग सोडतात. भिडे पूल बुडतो, नदीपात्रातल्या रस्त्यावरच्या गाड्यांचे हाल होतात, पण धरण राहतं. मर्यादा म्हणजे सांडवा.

कर्वेनगरची_डीबीए
काका, सांडलेलं पाणी पुढच्या पावसात परत येतं. सांडलेली वॉल येत नाही.

पेठेतला_म्हातारा
येते की, आर्काइव्ह (वॉल फायलींची वेगळी साठवलेली प्रत) असेल तर! पुण्यातच दुसऱ्या मशीनवर साध्या डिस्कवर आर्काइव्ह ठेवा. मर्यादा ओलांडून स्लॉट 'लॉस्ट' (निकामी) झाला तरी लिंक आल्यावर स्टँडबाय तिथून फायली ओढून उभा राहतो. २ टीबी परत न्यायचं कामच नाही.

औंध_फ्रेशर
इतकं कशाला? डिस्क भरली की पीजी_वॉलमधल्या जुन्या फायली हातानेच उडवायच्या ना?

कर्वेनगरची_डीबीए
नको रे बाबा! त्या फोल्डरचं नाव आधी पीजी_एक्सलॉग होतं. नावात 'लॉग' बघून लोक फायली पुसायचे आणि डेटाबेस गमावून बसायचे. म्हणून आवृत्ती १० मध्ये नावच बदललं. पुसायचंच असेल तर त्या डिस्कवर आधीपासून २० जीबीची एक बिनकामाची फाइल ठेव आणि अडचणीत ती पुस. सर्व्हर उठण्यापुरती जागा मिळते.

काका, आर्काइव्ह मान्य. पण दोन खोडे आहेत. एक, डेबेझियमसारखं (डेटातले बदल दुसऱ्या सिस्टिमला पोचवणारं) काही लॉजिकल स्लॉटवर, म्हणजे फायली नव्हे तर एकेक बदल उलगडून देणाऱ्या स्लॉटवर, चालत असेल तर ते आर्काइव्हमधून वाचत नाही. तो स्लॉट गेला की नव्याने स्नॅपशॉट, म्हणजे सगळा डेटा पुन्हा वाचायचा. दुसरा जास्त वाईट: आर्काइव्हला फायली पाठवणारी कमांडच फसायला लागली तर पोस्टग्रेस फायली धरूनच ठेवतं आणि तिथे ही स्लॉटची मर्यादा काहीच करत नाही. डिस्क तशीच भरते, फक्त दोष दुसऱ्याचा.

हिंजवडी_रात्रपाळी
लॉजिकल आमच्याकडे नाही, सुटलो. दुसऱ्या खोड्याचा विचार केला नव्हता.

पेठेतला_म्हातारा
मुळात शुक्रवारी रात्री नऊपासून डिस्क भरत होती. पंधरा तास. अलर्ट नव्हता?

हिंजवडी_रात्रपाळी
होता.

पेठेतला_म्हातारा
मग?

हिंजवडी_रात्रपाळी
मेलवर यायचा.

कर्वेनगरची_डीबीए
😶

हिंजवडी_रात्रपाळी
बरं, १५० मागे घेतो. मर्यादा ४००, म्हणजे भर गर्दीतही दहा तास मिळतात. अमर्याद मात्र ठेवणार नाही, त्यावर मी ठाम. स्लॉटच्या 'सेफ वॉल साइझ'वर (मर्यादेपर्यंत किती जागा उरली ते) अलर्ट, तो फोनवर, झोपेतून उठवणारा. आर्काइव्ह दुसऱ्या मशीनवर. लिंकचं मॅनेजरशी बोलतो, पण बजेटचं नाव काढलं की त्यांना लगेच मीटिंग आठवते.

कर्वेनगरची_डीबीए
४०० ला माझा अजूनही विरोध आहे, लिंक वाढेपर्यंत तरी. असो, सर्व्हर तुमचा. आणि आर्काइव्हच्या डिस्कवर अलर्ट?

हिंजवडी_रात्रपाळी
…लावतो.