दिवाळीचा किल्ला नक्की कोणाचा, पोरांचा की आईबाबांचा?

चिखलवाली_आई (पुणे)

गेल्या दिवाळीपासून मनात साचलंय ते आज लिहूनच टाकते, कारण यंदाची नोटीस कालच लिफ्टशेजारी लागली. किल्ला स्पर्धा, विंगप्रमाणे टीम, पहिले तीन नंबर, परीक्षक बाहेरचे.

गेल्या वर्षी लेक साडेपाच वर्षांची होती. पहिल्या दिवशी पोरं काय खूश होती! विटा वाहून आणतायत, लाल माती कालवतायत, कोपरापर्यंत चिखल. लेकीने किल्ल्याच्या माथ्यावर बोटांनी उकरून खड्डा केला, त्यात करवंटी बसवली, कडेने बारीक खडे रोवले आणि जो येईल त्याला सांगत सुटली, हे टाकं आहे, वर पाणी नसेल तर मावळे काय पिणार? लोहगडावर गेलो होतो तेव्हा तिथली टाकी तिने बघितली होती, ते तिच्या डोक्यात इतकं बसलंय हे मलाही तेव्हाच कळलं. संध्याकाळी वर येईना, करवंटीतलं पाणी सारखं मुरतंय म्हणून पेल्याने भरत बसली होती.

दुसऱ्या रात्री जेवणं झाल्यावर विंगमधले तीनचार बाबा खाली उतरले. स्प्रे पेंट, तपकिरी कागद, पीओपीचे तयार बुरुज, लायटिंगची माळ. रात्री दीडपर्यंत काम चाललं. सकाळी लेक दूध तसंच टाकून खाली पळाली तर टाक्याच्या जागी कागदाचा कडा. आई माझं टाकं कुठे गेलं, एवढंच विचारलं तिने. रडली पण नाही. आमच्या विंगचा पहिला नंबर आला आणि बक्षीस घ्यायला सगळी पोरं गेली, ही गेली नाही.

माझं स्पष्ट मत आहे की दहा वर्षांखालच्या मुलांच्या किल्ल्याला मोठ्यांनी हात लावू नये आणि नंबर तर अजिबात काढू नयेत. वाकडा होऊदे, ढासळूदे, त्यांचा असूदे.

राजगडवेडा_बाबा (डोंबिवली)

ताई, टाकं बुजवलं ते चूकच, त्याबद्दल वाद नाही. पण हातच लावू नये हे मला पटत नाही आणि का ते सांगतो. मी सकाळी ७.२० ची लोकल पकडतो, घरी यायला साडेआठ होतात, मुलगा तोवर अर्धा झोपेत असतो. वर्षातले हे चार दिवस असे आहेत की मी आणि तो एकाच घमेल्यात हात घालून बसतो. माझ्या वडिलांनी माझ्याबरोबर किल्ला केला होता, बुरुजाची माती अंगठ्याने दाबून कशी बसवायची ते त्यांनी दाखवलेलं मला अजून जसंच्या तसं आठवतं, बाकी त्या वयातलं फारसं काही आठवत नाही. मग मी लांब खुर्ची टाकून बघत बसायचं का?

आणि दुसरं म्हणजे किल्ला म्हणजे मातीचा ढीग नव्हे ना. जुलै २०२५ मध्ये आपले मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, ११ महाराष्ट्रातले आणि तामिळनाडूतला जिंजी. पोरांना निदान एक तरी नीट कळायला नको? आम्ही गेल्या वर्षी राजगड केला. आधी कागदावर काढला, मधे बालेकिल्ला आणि तीन बाजूंना तीन माच्या, म्हणजे बालेकिल्ल्याखालचे तटबंदी असलेले सपाट भाग, पद्मावती, सुवेळा, संजीवनी. संजीवनीची दुहेरी तटबंदी करताना मुलगा म्हणाला, बाबा एक भिंत पडली तरी शत्रू आत येणार नाही, मधे अडकेल. सात वर्षांचा आहे. हे त्याला मी शेजारी बसलो नसतो तर सुचलं असतं का?

करंजी_सोडून_चिखल (सातारा)

मी आज्जी आहे, नातवंडं मोठी झाली, तरी लिहिते. आमच्या वाड्यात किल्ल्याकडे मोठं माणूस ढुंकून बघायचं नाही. बघायला वेळ कुणाला होता, घरात फराळाची धांदल. सहामाही संपली की पोरं ओढ्याकडून माती आणणार, गोठ्यातलं फाटकं पोतं चिखलात बुडवून दगडांवर टाकणार की झाला डोंगर. अळीव मात्र आईच्या डब्यातनं चोरायचे. शेजारच्या आळीतल्या पोरांनी रात्री मावळे पळवले म्हणून सकाळी भांडणं, दुपारी तह, हे सगळं पोरांचं पोरं बघायची.

पण सगळं चांगलंच होतं असं नाही. मी किल्ल्यात हात घातला की हाक यायची, करंज्यांना बस, नाहीतर पुढे रांगोळी काढ. किल्ला भावांचा आणि रांगोळी माझी. मला रांगोळी कधीच आवडली नाही हो. त्यामुळे तुमच्या लेकीने टाकं केलं हे वाचून मला काय वाटलं ते सांगता येत नाही. यंदा तिच्या टाक्याला कुणाला हात लावू देऊ नका. बाबालोकांना हौस असेल तर त्यांनी पलीकडे आपला वेगळा करावा.

जुळ्यांची_माय (बंगळुरू)

इथे सगळे अंगण, ओढा, वाडा बोलतायत. माझी गॅलरी चार फूट बाय सहा, त्यात वॉशिंग मशीन. मुलं साडेतीन वर्षांची, जुळी, दिवाळीत सुट्टी दोन दिवस, माती आणायची म्हणजे नर्सरीतून पोतं उचलून चौथ्या मजल्यावर, लिफ्टमध्ये सांडलं की वॉचमनची बोलणी. मी सरळ तयार किल्ला मागवला. मुलं तीन आठवडे मावळे उभे करत होती, पाडत होती, महाराजांना रोज सकाळी गुड मॉर्निंग चालू होतं. हा खेळ नाही का?

मला खरंच त्रास होतो या सुराचा. मातीचा केला तरच तुम्ही चांगल्या आई, असं कोणी म्हणत नाही पण ऐकू तेच येतं. दमलेल्या आईने चिडचिड करत केलेल्या किल्ल्यापेक्षा हसत मांडलेला रेडिमेड बरा, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

बालवाडी_ताई (नाशिक)

बालवाडीत १९ वर्षं झाली मला, त्यामुळे जरा लांबण लागेल.

जुळ्यांच्या आईला आधी सांगते, तुम्ही काहीही चुकलेलं नाही, साडेतीन वर्षांच्या मुलाला मावळे पाडणं हीच मजा असते. पण यंदा एक करून बघा, जुनं टब किंवा परात घ्या, त्यात दोन किलो माती, एवढंच. लिफ्टचा प्रश्न नाही आणि साफ करायला दहा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलं त्यात दोन ते चार वयाला स्क्रीन दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तम. मग उरलेल्या दिवसाचं काय करायचं हा आयांचा खरा प्रश्न असतो आणि त्याला मातीची परात हे फार चांगलं उत्तर आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं तेव्हा महागडी साधनं परवडणारी नव्हतीच, शंखशिंपले, बिया, पानं, खडे यावरच शिकवणं उभं राहिलं.

आता मूळ वादाबद्दल. मोठ्यांनी हात लावावा की नाही यापेक्षा कुठल्या कामाला लावावा ते बघा. विटा उचलणं, ओलं पोतं टाकणं, खिळा ठोकणं, हे मोठ्यांचं. तीन वर्षांचं मूल माती चाळेल, खडे वेचेल, हाताने पाणी शिंपडेल. पाच वर्षांचं पायऱ्या करेल, झाडं खोचेल. आठच्या पुढचं मूल नकाशा काढेल, भांडेल आणि लहानांना कामं वाटून देईल. मधे आपण बोलायचं किती, तर फार कमी. सारखं वा वा छान छान करत राहिलं की मूल किल्ल्याकडे न बघता आपल्या तोंडाकडे बघायला लागतं, हे मी रोज वर्गात बघते. त्यापेक्षा विचारा, हा दरवाजा इथे का केलास? आणि उत्तर येईपर्यंत थांबा, कधीकधी मिनिटभर जातं, जाऊदे.

गेल्या वर्षी वर्गात एका मुलीने दरवाजा किल्ल्याच्या तोंडाशी न करता दोन दगडांच्या मधे आत लपवला. का गं म्हटलं तर म्हणाली, समोर असला तर हत्ती धावत येऊन धडकेल ना. गोमुखी दरवाजा म्हणतात तो हाच, दोन बुरुजांच्या बगलेत वळून आत जाणारा. मी शब्द नंतर सांगितला. आधी सांगितला असता तर तिने माझा दरवाजा केला असता.

कमिटीतला_काका (कोल्हापूर)

मी आमच्याकडे ही स्पर्धा सहा वर्षं घेतोय, त्यामुळे नंबर बंद करा हे वाचून वाईट वाटलं. एक वर्ष आम्ही नंबर न काढता नुसतं प्रदर्शन ठेवलं होतं, तीन किल्ले आले. त्याच्या आदल्या वर्षी अकरा होते. चुरस असली की पोरं मोबाईल सोडून खाली येतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि हरणं पण शिकायला लागतंच की, ते घरात कोण शिकवणार?

उपाय नंबर काढून टाकण्यात नाही, नियमात आहे. आम्ही निम्मे मार्क माहिती सांगण्याला ठेवलेत आणि ती मुलांनीच सांगायची, आईबाबा दोरीच्या पलीकडे. रात्री बापाने केलेला किल्ला सकाळी लगेच उघडा पडतो. पोराला विचारलं हे काय, तर बापाकडे बघतंय.

राजगडवेडा_बाबा (डोंबिवली)

बालवाडी ताई, गोमुखीचं वाचून मी थांबलो जरा. आमच्या राजगडाचा नकाशा मी काढला होता हे कबूल करतो. मुलाने एका माचीवर डायनासोर ठेवला होता तो मी काढायला लावला, महाराजांच्या काळात डायनासोर नव्हते म्हणून. तो काही बोलला नाही पण त्यानंतर अर्धा तास नुसता पाणी मारत होता.

तरी मी माझं म्हणणं सोडत नाही. सगळं मुलावर सोडलं तर इतिहासाचं काय? ज्या जागेसाठी माणसांनी जीव दिला तिथे डायनासोर चालेल असं मला अजूनही म्हणवत नाही.

करंजी_सोडून_चिखल (सातारा)

अहो सात वर्षांचा आहे तो. आदर येतो हळूहळू, गडावर पाय दुखले की. तुम्ही त्याला खऱ्या राजगडावर घेऊन जा.

चिखलवाली_आई (पुणे)

सगळ्यांचं दोनदा वाचलं. नंबरांबद्दल काका, मला अजूनही पटत नाही, मोठ्या मुलांना ठेवा हवं तर पण पाचसहा वर्षांच्या पोराला तिसरा नंबर म्हणजे आपला किल्ला वाईट एवढंच कळतं. माहिती मुलांनीच सांगायची आणि मोठे दोरीपलीकडे हा नियम मात्र मी उद्याच मीटिंगमध्ये मांडते. आणि रात्री दहानंतर किल्ल्याला कोणी हात लावायचा नाही हा दुसरा. विरोध होणार, मला माहीत आहे कोण करणार ते पण.

जुळ्यांची माय, सॉरी, तसा सूर माझा नव्हता पण लागला असेल.

लेकीला संध्याकाळी विचारलं यंदा काय करायचं. म्हणाली दोन टाकी, एक माणसांचं आणि एक घोड्यांचं. आणि बाबाला फक्त विटा आणायला सांग.

जुळ्यांची_माय (बंगळुरू)

सॉरी नको हो. परातीचं करून बघते. फक्त अळीव कधी पेरायचे ते सांगा कोणीतरी, वसुबारसेला हिरवं दिसायला हवं.

बालवाडी_ताई (नाशिक)

चारपाच दिवस आधी पेरा. भिजवून घेऊ नका, बुळबुळीत होतात आणि हाताला चिकटून एकाच जागी गोळा पडतो, कोरडेच भुरभुरवा, मुलांच्या चिमटीने. वरून मातीचा अगदी पातळ थर आणि पाणी स्प्रेने, तांब्याने ओतलं तर सगळे वाहून खाली जमतात. मोहरी घातली तरी चालते, गहू नको, फार उंच होतात आणि मावळे दिसत नाहीत.